चौदा दहा ते चौदा पंचवीस

पुंगोल, ८ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार शेवटी. आधी दुरुस्ती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं की लहानपणी आपल्या घरच्या शाळेत रोज दुपारी दोन वाजता पंधरा मिनिटं गप्प बसायचं असे. ते चूक आहे. दोन वाजता नव्हे, दोन वाजून दहा मिनिटांनी. दोन पंचवीसपर्यंत. ते पत्र ठेवलं असेल तर 'दोन वाजता' यावर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला माझं 'उ.' लिहा. माझ्याकडच्या प्रतीवर मी तसं केलं आहे.

आपल्या घरात खोडरबर नव्हतं. जहाजाच्या लॉगबुकात खोडत नाहीत, चूक दिसली पाहिजे आणि ती कोणी सुधारली तेही दिसलं पाहिजे, असं तुम्ही सांगायचात. इथल्या शाळेत परदेशी मुलांना जागा उरली तर मिळायची. मला ती अकराव्या वर्षी मिळाली. तोपर्यंत आई बंदरावरच्या, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जायची आणि तुम्ही बोट सोडून घरी बसलेले, म्हणून तुम्हीच माझी शाळा. मला वाटायचं, सगळ्या शाळांत दोन दहाला पेन खाली ठेवतात, खिडकीकडे पाठ करतात आणि कोणी बोलत नाही.

खऱ्या शाळेत रेमेडियलच्या जादा तासाला मी तशीच बसले. बाईंनी दोनदा हाक मारली. मागचा मुलगा इथल्या इंग्रजीत म्हणाला, "टीचर, शी स्लीपिंग विथ आइज ओपन लाह." सगळे हसले. मी दोन पंचवीसपर्यंत हलले नाही. घरी येऊन मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

दहा मिनिटांची चूक कशी सापडली तेही लिहायला हवं. गेल्या शुक्रवारी ऑफिसात एका जुन्या कागदावर मी 1410 हा आकडा पाहिला. मी काही ठरवलं नव्हतं. माझं पेन खाली ठेवलेलं होतं आणि खुर्ची खिडकीकडे पाठ करून फिरलेली होती.

नमस्कार.
उ.

पुंगोल, १९ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

उत्तर आलं नाही. पत्राला गुहागरपर्यंत बारा दिवस लागतात असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या, म्हणून मी अजून काही धरून चाललेले नाही.

मी काय काम करते ते तुम्हाला आईकडून कळलं असेल, पण नीट नसेल. बुओना व्हिस्टाला एक संशोधन संस्था आहे. तिथे एका परदेशी राष्ट्राध्यक्षांचे सगळे कागद आणि टेप त्यांच्या मुलाने आणून दिले आहेत. राष्ट्राध्यक्ष आठ वर्षं सत्तेवर होते, चार वर्षांपूर्वी वारले. देशाचं नाव लिहीत नाही, तशी सही करून दिली आहे. तुम्हाला ते लागणारही नाही. डॉ. ओंग म्हणून आमच्या बाई त्यांचं चरित्र लिहीत आहेत. पहिला खंड देशातल्या राजकारणाचा, दुसरा परराष्ट्र धोरणाचा. दोन्हींच्या तळटीपा मी तपासते. म्हणजे प्रत्येक वाक्याला विचारायचं, तुला हे कोणी सांगितलं.

पहिल्या खंडात ते घराविषयी बोलतात. रविवारी दुकानं बंद, शाळेत सकाळची प्रार्थना, आजी-आजोबांना सांभाळणाऱ्यांना सरकारी घर आधी. त्यातलं बरंच मला पटतं, हे लपवत नाही. आपलं घरही तसंच होतं. दुसऱ्या खंडात ते दाराविषयी बोलतात. "मी दार लावतो ते बाहेरच्यांच्या रागाने नाही, आतल्यांच्या मायेने," असं एक भाषण आहे. डॉ. ओंगना ते इतकं आवडतं की त्यांनी ते दोन्ही खंडांच्या सुरुवातीला घातलं आहे.

एप्रिल २००५ मध्ये, निवडणुकीला तीन आठवडे असताना, शेजारच्या देशातून पळालेल्या एकतीस माणसांची एक बोट त्यांच्या किनाऱ्याकडे निघाली होती. ती कुठेच पोचली नाही. संसदेत प्रश्न आला. राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की आमच्या विनंतीवरून एक मालवाहू जहाज त्या जागी पंधरा मिनिटं थांबलं, त्याने शोध घेतला, तिथे कोणी नव्हतं. विरोधक गप्प झाले. निवडणूक ते जिंकले. पुरावा म्हणून इंजिन लॉगच्या पानाची फोटोकॉपी जोडली होती, ती फाइलमध्ये आहे.

जहाजाचं नाव 'सुनंदिनी'. पानावर लिहिलंय, इंजिन बंद 1410, पुन्हा चालू 1425. बारा ते चारच्या पाळीची वॉच, थर्ड इंजिनिअर. खाली तुमची सही. पोटात छोटी गाठ असलेला तुमचा डी मी कुठेही ओळखेन.

मला अभिमान वाटला, बाबा. वाटलं, म्हणजे ती पंधरा मिनिटं ही होती. तुम्ही शोधायला थांबला होता आणि कोणी सापडलं नाही, म्हणून रोज त्यांच्यासाठी गप्प बसायचात. मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "थांबलं होतं का ते?" एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "तो पिठाचा डबा दे."

तिने असं का विचारलं असेल?

नमस्कार.
उ.

पुंगोल, ३ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा,

काल दसरा झाला. आईने गुहागरला तुमच्या शेजारच्या विनीतामावशींना फोन केला होता. फोन स्पीकरवर होता, मी शेजारच्या खोलीत होते. ऐकत नव्हते असं लिहिणार होते, पण ऐकत होते. मावशी म्हणाल्या की तुमची तब्येत बरी आहे, पण तुम्ही रोज सकाळी अकरा चाळीसला अंगणात समुद्राकडे पाठ करून बसता आणि कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. मावशींना वाटतं कसलं तरी व्रत आहे. त्या तेवढ्या वेळात मिक्सरसुद्धा लावत नाहीत.

तिथले अकरा चाळीस म्हणजे इथले दोन दहा.

आता टेपचं लिहिते. राष्ट्राध्यक्ष रोज सकाळी पत्रं तोंडी सांगायचे आणि ती टेप व्हायची. इंग्रजी स्वच्छ, आवाज मऊ. मध्ये कपात चमचा फिरवल्याचा आवाज येतो. महिनाभर ऐकल्यावर तो आवाज मला घरात ऐकू येऊ लागला आहे. आंघोळ करताना येतो, लिफ्टमध्ये येतो. गेल्या मंगळवारी मी लॉगच्या पानावरच्या तारखेची टेप लावली. सुरुवातीला ते स्वतःच वेळ सांगतात, सकाळचे नऊ चाळीस. त्यांचं घड्याळ जहाजाच्या घड्याळाच्या एक तास मागे होतं, हे मी तीन ठिकाणी तपासलं. म्हणजे जहाजावर तेव्हा दहा चाळीस. पानावरचे 1410 वाजायलाच अजून साडेतीन तास होते.

ते असं म्हणतात:

"जहाज पंधरा मिनिटं थांबलं. शोध घेण्यात आला. कोणी आढळलं नाही. वेळ नंतर भरून घ्या."

टाइप करणाऱ्या बाई विचारतात, "पंधरा पुरतील का, सर?"

"पुरतील. अर्धा तास म्हटलं तर लोक विचारतील, अर्ध्या तासात काय काय पाहिलं."

चमचा फिरतो. पुढचं पत्र एका सात वर्षांच्या मुलीला. तिने त्यांना घराचं चित्र पाठवलं होतं. ते तिला फार प्रेमाने सांगतात की दार जरा मोठं झालंय, पण खिडकीतला दिवा छान आहे. मी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. दोन पत्रांमध्ये आवाजात काहीही फरक नाही. मी तो फरक शोधत होते. तो असता तर मला झोप लागली असती.

आणखी एक कबूल करायचं आहे. गणपतीच्या वेळच्या त्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की 'तुम्ही २०१६ मध्ये गावी गेलात'. खोटं नाही, पण अर्धं आहे. त्या वर्षी गणपतीला घरी वीस माणसं होती. आरतीला उशीर झाला होता. दोन दहाला तुम्ही वाजवत असलेली घंटा ताटात ठेवलीत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. आरती अडखळली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला लाज वाटली. मी मोठ्याने म्हणाले, "चालू द्या, बाबांची ड्यूटी लागली." सगळे हसले. एक काका म्हणाले, "चीफ, बोट कुठवर आली?" पुन्हा हशा. आठवड्याने तुम्ही गेलात.

त्या वेळी तुमचा उजवा हात कमरेजवळ होता, बोटं अर्धी मिटलेली. लहानपणीही तसाच असायचा. मला वाटायचं, तुम्ही कोणाचा तरी हात धरून बसला आहात आणि तो मला दिसत नाही. मी त्या बाजूला बसत नसे.

नमस्कार.
उ.

पुंगोल, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा,

तुम्ही मला एक गणित शिकवलं होतं. मुख्य इंजिनाचा दांडा किती वेळा फिरला हे मोजणारा एक काउंटर असतो. वॉच सुरू होताना त्याचा आकडा लॉगमध्ये लिहायचा, संपताना पुन्हा लिहायचा. वजाबाकी केली की जहाज खरंच किती चाललं ते कळतं. इतर मुलं आंबे वाटायची, मी काउंटर वजा करायचे. "माणूस काहीही लिहील," तुम्ही म्हणायचात, "दांडा फिरला तेवढाच फिरला."

मी 'सुनंदिनी'च्या पानावर तेच केलं. शनिवारी, घरी, चार वेळा.

इंजिन मिनिटाला ब्याण्णव फेरे करत होतं. चार तासांत बावीस हजार ऐंशी व्हायला हवेत. मध्ये पंधरा मिनिटं बंद असेल तर एक हजार तीनशे ऐंशी कमी, म्हणजे वीस हजार सातशे. बाराचा आकडा आहे 61,40,212. चारचा आहे 61,62,286. वजाबाकी बावीस हजार चौऱ्याहत्तर.

जहाज थांबलंच नव्हतं.

हे वाक्य लिहिल्यावर मी उठून खिडकी लावली. ती आधीच लावलेली होती.

सोमवारी मी डॉ. ओंगना टेपचं काही सांगितलं नाही, लॉगचंही नाही. फक्त विचारलं की या एका नोंदीबद्दल शंका असेल तर काय करायचं. त्या वाईट नाहीत, बाबा. दुपारी माझ्यासाठी हॉकरच्या खाण्याच्या स्टॉलवरून डबा आणतात. त्या म्हणाल्या, "उत्कर्षा, वन फूटनोट ओन्ली लाह. वीस वर्षं कोणी विचारलं नाही."

विचारलं आहे. त्याच फाइलमध्ये एक गठ्ठा आहे. त्या एकतीस माणसांच्या नातेवाइकांनी एक समिती केली आहे. दर एप्रिलला त्यांचं पत्र येतं आणि दर वेळी एकच उत्तर जातं, जहाज थांबलं होतं, पान जोडलं आहे. आता पुस्तक आलं की पत्राला उत्तर देण्याचीही गरज उरणार नाही. तळटीप दाखवतील. ती तळटीप मी तपासलेली असेल, आणि सही तुमची असेल.

मी तळटीप तशीच सोडली तर तुमचं नाव एका चांगल्या कामाशी जोडलेलं राहील, कायमचं. बोलले तर तुम्ही खोटी नोंद करणारे इंजिनिअर व्हाल, आणि ते तुमच्या मुलीने सांगितलेलं असेल. माझा इथे राहण्याचा पास संस्थेच्या नोकरीवर आहे, तो जाईल. पण ते दुसरं मी फक्त पूर्ण लिहायचं म्हणून लिहिते आहे.

एकच गोष्ट मला समजत नाही. तुम्ही इतके काटेकोर. वरून सांगितलं तसं लिहिलंत, वेळ भरलीत, सही केलीत, आणि काउंटरचा आकडा बदलायचं चुकून राहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. बाहेरचा कुणी असता तर ते विसरला असता. तुम्ही कसे विसरलात?

पुस्तक छपाईला जाण्याआधी तळटीपांवर सह्या करायच्या आहेत. तारीख २१ नोव्हेंबर आहे. हे पत्र मी रजिस्टर्ड पाठवते आहे.

आज दोन दहाला मी एकटी होते. एसीची घरघर खालून कुठून तरी येते तशी येत होती. माझा उजवा हात टेबलावर होता. बोटं अर्धी मिटलेली होती, आणि ती मी मिटली नव्हती.

नमस्कार.
उ.

पुंगोल, ४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार. या वेळी आधी.

शनिवारी तुमचं पाकीट आलं. आत माझंच १२ ऑक्टोबरचं पत्र. नऊ वर्षांनी तुमचं अक्षर पाहायला मिळेल म्हणून मी पाकीट फोडायला वेळ लावला, आणि आत सगळी मीच. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.

शेवटच्या पानावर एका शब्दावर आडवी रेघ आहे. खालचं वाचता येईल अशी. शब्द आहे 'चुकून'. बाजूला तुमचं 'दि.'

आणि समासात एक ओळ, लॉगमध्ये लिहितात तशी: १४१० स्टँडबाय. १४२५ सोडा. वही चौथी, पान अकरा. दि.

मी ती ओळ आईला वाचून दाखवली. स्टँडबाय म्हणजे काय ते मला माहीत होतं. ब्रिजवरून सांगतात, तयार राहा, इंजिन थांबवावं लागेल, आणि खाली इंजिनरूममध्ये वॉचवरचा माणूस लिव्हरवर हात ठेवून हुकमाची वाट पाहत उभा राहतो. वरून आवाज आला की ओढायचा. तुम्ही चौदा दहाला हात ठेवलात. वर कोणीतरी काहीतरी पाहिलं होतं. पंधरा मिनिटं तुम्ही त्या लिव्हरवर हात ठेवून उभे होता, खाली, जिथून समुद्र दिसत नाही. मग वरून 'सोडा' आलं, आणि तुम्ही हात काढलात.

म्हणून वेळ भरायला सांगितली तेव्हा तुम्ही दुसरी कुठली भरली नाहीत. खोट्या नोंदीत तेवढी वेळ खरी आहे.

आईने कधी विचारलं नव्हतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बोटीवरून आले तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, त्या वेळेत माझ्याशी बोलू नकोस, बोललीस तर मी सोडेन. काय सोडेन ते मला कळलं नाही. मला वाटलं, आपल्याला."

मग आम्ही दोघींनी शेल्टर उघडला. तुम्हाला आठवतो तसाच आहे. इथल्या प्रत्येक फ्लॅटप्रमाणे युद्धासाठी बांधलेला, आणि आपण त्यात गणपतीचं मखर, कुकरचं खोकं आणि माझ्या वह्या ठेवलेल्या. त्या लोखंडी दाराने आत बाहेरचा काहीच आवाज येत नाही. चौथी वही मखराखाली होती. २००६ सालची, मी सात वर्षांची. पान अकरावर तुमच्या अक्षरात गणित आहे.

बारा वाजता काउंटर 61,40,212. चार वाजता 61,62,286. इंजिन मिनिटाला ९२ फेरे. लॉगमध्ये लिहिलं आहे की जहाज पंधरा मिनिटं थांबलं. थांबलं होतं का?

शेवटचा प्रश्न आईने पोळ्या लाटताना विचारला होता तोच. खाली माझी वजाबाकी आहे. एक हातचा चुकलेला, त्यावर आडवी रेघ, बाजूला वाकडं 'उ.' आणि मग मोठ्या अक्षरांत: जहाज थांबलं नाही.

त्यावर तुमची लाल पेन्सिलीची खूण. बरोबर. आणि तारीख. आई दार धरून उभी राहिली. तिने माझ्या हातातून वही घेतली, ते पान वाचलं आणि म्हणाली, "तुला शिकवत होते ते."

बाबा, तुम्ही मला सहाव्या वर्षापासून एक पान वाचायला शिकवलंत. खोडरबर घरात येऊ दिलं नाहीत. ते पान माझ्यापर्यंत येईल हे तुम्हाला माहीत असणं शक्य नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते आहे. ते कोणापर्यंतही आलं नसतं. तरी तुम्ही आकडा तसाच ठेवलात आणि तो वाचू शकेल असं एक माणूस तयार केलंत. उत्तर मी एकोणीस वर्षांपूर्वीच दिलं होतं, तुम्ही तपासलं होतं, आणि आपण ते दोघांनी मिळून लोखंडी दारामागे ठेवलं.

मी रागावले आहे की नाही ते मला अजून कळत नाही. एकतीस माणसं होती. तुम्ही हुकमाची वाट न पाहता लिव्हर ओढू शकत होता. ते तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. जहाज जिथे थांबलं नाही तिथे तुम्ही वीस वर्षं रोज थांबलात, आणि मी त्यावर वीस माणसांना हसवलं. या दोन्ही गोष्टी मी एकाच पत्रात लिहिते आहे. त्यातली कुठलीही दुसरीला पुसत नाही.

आता काय करणार ते.

डॉ. ओंगना मी एक पानाचं टिपण देणार आहे. लॉगचं पान, वजाबाकी, टेपचा क्रमांक, टेपवरची वेळ. सोबत वहीचं अकरावं पान. एक प्रत त्याच दिवशी नातेवाइकांच्या समितीला, फाइलमधल्या पत्त्यावर, मीच पोस्टात टाकणार. टिपणात तुमचं नाव असेल, पूर्ण नाव. "त्या वॉचवरचा इंजिनिअर" असं मी एकदा लिहून पाहिलं. त्यावर रेघ मारली आहे. मी परवानगी मागत नाही. तुम्हाला स्वतः काही लिहून सही करायची असेल तर ते टिपणाला जोडीन. नाही आलं तरी टिपण जाईल.

पहिल्या खंडातलं त्यांचं घर आणि दुसऱ्या खंडातलं त्यांचं दार एकाच सकाळी, एकाच टेपवर, एकाच आवाजात बांधलं गेलं, हेही शेवटी लिहिलं आहे. ते डॉ. ओंग काढून टाकतील. काढलं तर रेघ मारून काढा, असं सांगणार आहे.

आज मी रजेवर होते. दुपारी आई लवकर घरी आली. दोन दहाला मी नेहमीसारखी खिडकीकडे पाठ केली. तिने माझी खुर्ची धरून हळूच फिरवली. आम्ही दोघी खिडकीबाहेरच्या पाण्याकडे तोंड करून बसलो. पंधरा मिनिटं समोर काहीच आलं नाही. मी पाहत होते, बाबा, पूर्ण वेळ.

डॉ. ओंगनी सह्यांच्या दिवशी भेटायला कोणती वेळ हवी ते विचारलं. मी दोन दहा सांगितली. आई बुओना व्हिस्टापर्यंत सोबत येणार आहे, खाली थांबेल. तुम्ही अंगणात असाल तेव्हा तुम्हाला माहीत असावं म्हणून दिवस लिहिते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५.